आरशातलं तळं

इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या पूर्व भागात लेम्पुयांग नावाचं देऊळ आहे. तिथल्या दोन उंच दगडी खांबांच्या मधून समोर आगुंग ज्वालामुखी दिसतो. इन्स्टाग्रामवरच्या फोटोंत या खांबांच्या पायाशी एक नितळ तळंही दिसतं आणि त्यात आकाश, खांब, मधोमध उभा राहिलेला माणूस असं सगळं उलटं उतरलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे तळं नाही, कोरडं अंगण आहे. फोटो काढून देणारा स्थानिक माणूस मोबाइलच्या लेन्सखाली छोटासा आरसा धरतो आणि पाणी तयार होतं. आपला नंबर कधी येतो याची वाट बघत लोक कडेला बसलेले असतात. गर्दीच्या दिवशी कित्येक तास.

२०१९ मध्ये हे बिंग फुटलं तेव्हा पुष्कळ लोक चिडले. माझं लक्ष मात्र आरशापेक्षा रांगेकडे जातं. डोंगर खरा, देऊळ खरं, माणूसही खरोखर तिथे उभा होता. तळं खोटं आहे हे एकदा कळलं की विषय संपतो. ती रांग मात्र एकाही फोटोत नसते, आणि तिथे गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस त्या रांगेतच गेलेला असतो. परदेशात राहायला गेलेले लोक आपलं जगणं सोशल मीडियावर कसं मांडतात, हे समजून घेताना मला हा फरक फार उपयोगी पडतो. दाखवलेलं बहुतेक वेळा खरं असतं. काय गाळलं जातं आणि ते गाळण्यावाचून गत्यंतर का नसतं, हे बघायला हवं.

आधी हे लोक कोण ते पाहू. 'डिजिटल नोमॅड' हा शब्द लोकांपर्यंत पोचला तो त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ सालच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे. तेव्हा घरोघरी वायफायसुद्धा नव्हतं. आज या शब्दाचा अर्थ असा: काम लॅपटॉपवर, पैसे एका देशातून, मुक्काम दुसऱ्याच देशात, आणि तोही काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हलणारा. अमेरिकेतल्या एमबीओ पार्टनर्स या संस्थेच्या पाहणीत २०१९ साली स्वतःला डिजिटल नोमॅड म्हणवणारे ७३ लाख अमेरिकन होते. २०२४ मध्ये हा आकडा १ कोटी ८१ लाखांवर गेला. (यातले बरेच जण अमेरिकेबाहेर पाऊलही टाकत नाहीत, गावोगाव फिरत काम करतात. रील्समध्ये हे लोक फारसे भेटत नाहीत, कारण हमरस्त्यावरचं मॉटेल बघायला कोण थांबणार?)

दुसरा गट जरा स्थिरावलेल्यांचा. फ्रान्सच्या खेड्यात जुनं दगडी घर घेणारं ब्रिटिश जोडपं, निवृत्तीनंतर दक्षिण अमेरिकेतल्या एक्वादोरच्या क्वेन्का शहरात राहायला गेलेले अमेरिकन, अशी माणसं यात येतात. मायकेला बेन्सन आणि कॅरन ओ'रायली या समाजशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये यांच्यासाठी 'जीवनशैली स्थलांतर' ही कल्पना नीट मांडली. तुलनेने सुस्थितीतली माणसं, अधिक चांगलं जगता येईल असं ज्या ठिकाणाबद्दल वाटतं तिथे जातात, कायमची किंवा वर्षातले काही महिने. यातला 'तुलनेने सुस्थितीतली' हा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पोटासाठी गेलेला मजूर किंवा युद्धातून जीव वाचवून पळालेला निर्वासित या व्याख्येत बसत नाही. एकाच शहरात परदेशातून येऊन भांडी घासणाऱ्याला 'मायग्रंट' म्हणतात आणि परदेशातून येऊन लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला 'एक्स्पॅट'. फॉर्म भरताना दोघंही परदेशी नागरिकच असतात.

असं जाणं आणि गेल्याचं दाखवणं, दोन्ही जुनंच आहे. जानेवारी १९४८ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात मेक्सिकोतल्या सान मिगेल दे आयेंदे या गावावर एक सचित्र लेख आला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक सरकारी शिक्षणभत्त्यावर तिथे चित्रकला शिकताहेत, स्वस्तात राहताहेत आणि मजेत आहेत, असा एकूण सूर. शीर्षकातच 'स्वर्ग' हा शब्द होता. आज त्या गावात अमेरिकन निवृत्तांची मोठी वस्ती आहे. ऊन, कमी खर्च, निवांतपणा आणि थोडी कला हा मसाला ७५ वर्षांपूर्वीच ठरला होता. तेव्हा मासिकाचे बातमीदार येत, फोटो काढत आणि परत जात. आता जो राहायला गेला आहे तोच कॅमेरामन, तोच संपादक आणि तोच नायक. लेख एकदा छापून संपायचा. हे काम रोजचं आहे.

रोज दाखवायचं म्हटलं की प्रश्न येतो, कोणाला दाखवायचं? अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात माणसाच्या रोजच्या वागण्याला नाटकाची उपमा दिली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात त्याने जवळून पाहिलं होतं, की तीच माणसं स्वयंपाकघरात एक वागतात आणि जेवणाच्या दालनात पाऊल टाकलं की दुसरंच. रंगमंच वेगळा, रंगपट वेगळा. यात ढोंग काही नाही, सगळेच असं जगतात. फक्त गॉफमनच्या हॉटेलात प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळी खोली होती. सोशल मीडियावर सगळ्यांसाठी एकच खोली. आई, जुना साहेब, सध्याचा क्लायंट, कॉलेजातले मित्र आणि हजारो अनोळखी लोक एकाच वेळी तोच फोटो बघत असतात.

आता नोमॅडची अडचण बघा. मित्रांना आणि अनोळखी लोकांना वाटायला हवं की स्वारी मजेत आहे. क्लायंटला वाटायला हवं की काम वेळेवर होणार आहे. नुसता झोपाळा दाखवला तर क्लायंट बिथरतो; नुसता टेबल-खुर्चीचा फोटो टाकला तर लोक म्हणतात, हे तर इथेही होतं. म्हणून जगभर तोच फोटो दिसतो: मांडीवर लॅपटॉप, मागे समुद्र किंवा स्विमिंग पूल. माझ्या मते ते काम करण्याच्या जागेचं चित्र नाहीच, दोन प्रेक्षकांना एकाच फ्रेममध्ये बसवायची ती तडजोड आहे. भर उन्हात लॅपटॉपची स्क्रीन धड दिसत नाही, वाळू की-बोर्डमध्ये जाते, आणि ॲपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. त्या जागी दोन तास बसून कोणी हिशेबाची फाइल पुरी केली असेल यावर माझा तरी विश्वास नाही.

काम होतं ते खोलीत किंवा को-वर्किंगमध्ये, म्हणजे भाड्याने बसायला मिळणाऱ्या सामायिक ऑफिसात, आणि बऱ्याचदा भलत्याच वेळी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आणि बाली यांच्यात बरोबर १२ तासांचं अंतर असतं. न्यूयॉर्कच्या टीमची सकाळी ९ ची मीटिंग म्हणजे बालीत रात्रीचे ९, आणि त्यांचं ऑफिस सुटतं तेव्हा इथे पहाटेचे ५. बाली ज्या सूर्योदयासाठी प्रसिद्ध, तो अशा माणसाला पाहायला मिळतोही, फक्त कामावरून उठल्यावर. डेव्ह कुक हे मानववंशशास्त्रज्ञ बरीच वर्षं नोमॅड लोकांचा अभ्यास करत आहेत. २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधाचा गाभा असा आहे: स्वातंत्र्यासाठी ऑफिस सोडलेल्या या माणसांना पुढे स्वतःलाच शिस्त लावून घ्यावी लागते. कामाचे तास ठरवा, जागा ठरवा, कोणाबरोबर बसायचं ते ठरवा. ऑफिसमध्ये जे भिंती आणि घड्याळ फुकट करायचे, ते आता स्वतः करायचं. रीलमध्ये हे कसं दाखवणार? दारं बंद करून एसी लावून बसलेला माणूस जगात कुठेही सारखाच दिसतो.

मागे राहिलेल्या घरच्यांचा प्रेक्षकवर्ग जरा निराळा. चांगली नोकरी सोडून, घर विकून किंवा भाड्याने देऊन, चार जणांचा सल्ला धुडकावून माणूस निघालेला असतो. त्यानंतरचा प्रत्येक फोटो हा न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतो: बरोबर केलंस ना? सहाव्या महिन्यात पोट बिघडलं, घरमालकाने डिपॉझिट बुडवलं, आठवडाभर कोणाशी नीट बोलणं झालं नाही, हे लिहिलं की "आम्ही सांगत होतोच" तयार असतं. मग झाकली मूठ बरी वाटते. यात दुसऱ्यांना फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. कित्येकदा माणूस स्वतःचीच समजूत घालत असतो, फक्त ती चारचौघांत.

आणि मग पैसा. इथे जरा थांबायला हवं, कारण सोशल मीडियावरचं हे चित्र एकसारखं का दिसतं याचं मोठं कारण इथे आहे. यूट्यूबवर जाहिरातीचा दर प्रेक्षक कुठल्या देशातला आहे यावर बराच अवलंबून असतो. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला दाखवलेली जाहिरात महाग जाते. म्हणून थायलंडमध्ये बसून केलेला व्हिडिओ थायलंडच्या लोकांशी बोलतच नाही. तो इंग्रजीत असतो, भाडं डॉलरमध्ये सांगतो आणि तुलना अमेरिकेतल्या शहरांशी करतो. जाहिरातीबरोबर अफिलिएट लिंक येतात: प्रवास विमा, व्हीपीएन, ई-सिम, राहण्याच्या जागा. तुम्ही त्या लिंकवरून खरेदी केली की सांगणाऱ्याला कमिशन मिळतं. त्यानंतर येतो कोर्स: परदेशात राहून पैसे कसे कमवायचे. तो विकणाऱ्याची कमाई पुष्कळदा तोच कोर्स विकून होत असते. आडात पाणी आहे की नाही ते नंतर, इथे पोहरा विकायला ठेवलाय. सगळेच असे नसतात. प्रोग्रामर, अनुवादक, डिझायनर यांचं खरंखुरं काम चालू असतं. पण ज्यांचं खरं काम चालू असतं त्यांना रोज रील करायला वेळ नसतो, त्यामुळे आपल्या फोनवर येतात ते बहुतेक कोर्स विकणारेच. निवड तिथेच झालेली असते.

जे कंटाळून किंवा पैसे संपून परत आले, ते पोस्ट करणं थांबवतात. अल्गोरिदम गप्प बसलेल्यांना दाखवत नाही.

व्हिसाचं प्रकरण तर फ्रेममध्ये जवळजवळ कधीच येत नाही. कित्येक वर्षं बहुतेक नोमॅड पर्यटक व्हिसावर राहून परदेशातल्या कंपनीचं काम करत आले. अनेक देशांच्या कायद्यात याला धड परवानगीही नव्हती आणि स्पष्ट बंदीही नव्हती. मुदत संपत आली की शेजारच्या देशात जायचं, शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. याला 'व्हिसा रन' म्हणतात. युरोपच्या शेंगेन भागात व्हिसाशिवाय येणाऱ्यांना कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, तेव्हा तिथला मुक्काम बोटांवर दिवस मोजत चालतो. कोविडमध्ये पर्यटन बसलं आणि देशांना ही माणसं हवीशी वाटू लागली. बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये आणि एस्टोनियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खास व्हिसा आणला. पोर्तुगालने २०२२ मध्ये आणला, अट ठेवली तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्नाची. थायलंडचा २०२४ चा व्हिसा पाच वर्षांचा आहे, पण खात्यात ५ लाख बात (तिथलं चलन) दाखवावे लागतात. वर 'तुलनेने सुस्थितीतली' म्हटलं ते हेच. "फक्त तिकीट काढा आणि निघा" असं सांगणाऱ्याकडे तसं निघू देणारा पासपोर्ट असतो. जॉर्जिया या देशात अनेक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं आणि अनेकांना विमानात बसण्याआधीच अडवलं जातं. व्हिडिओ दोघंही बघतात. करांचंही तसंच. बऱ्याच देशांत वर्षातले १८३ दिवस राहिलात की तिथले करदाते ठरता, आणि अमेरिकन नागरिकाला तर जगात कुठेही असला तरी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमाई असली की अमेरिकेत विवरणपत्र भरावंच लागतं. या विषयावर सुंदर रील करून दाखवा म्हणावं.

कधी कधी ही पोस्टच अंगाशी येते. जानेवारी २०२१ मध्ये बालीत राहणाऱ्या एका अमेरिकन महिलेने ट्विटरवर सांगितलं की लॉस एंजेलिसमध्ये महिना १३०० डॉलर भाडं भरत होते, इथे ४०० मध्ये याहून सुंदर घर मिळालं. तुम्हीही या, कसं यायचं ते माझ्या ई-बुकात आहे, किंमत ३० डॉलर. तेव्हा इंडोनेशिया साथीमुळे परदेशी पर्यटकांना बंद होता. स्थानिक लोक खवळले, सरकारने दखल घेतली, आणि काही दिवसांत तिला देशाबाहेर काढण्यात आलं. या प्रकरणात सगळ्यांनी व्हिसाच्या नियमांची चर्चा केली. मला खुपतं ते दुसरंच. तिच्या डोळ्यांसमोर वाचक होते ते मागे राहिलेले अमेरिकन. बालीतली माणसं तिचं लिहिलेलं वाचतील, त्यांना इंग्रजी येतं, त्यांच्याकडे फोन आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नसावं.

"इथे भाडं किती कमी आहे" हे वाक्य या सगळ्या मजकुरात सर्वांत जास्त वेळा येतं, आणि त्याच वाक्यात सर्वांत जास्त गाळलेलं असतं. भाडं कमी कोणाच्या पगाराच्या मानाने? श्रीमंत देशात कमवायचं आणि स्वस्त देशात खर्चायचं, या युक्तीला इंग्रजीत 'जिओआर्बिट्राज' असं भारदस्त नाव आहे. मॅथ्यू हेज या समाजशास्त्रज्ञांनी क्वेन्कामध्ये गेलेल्या अमेरिकन आणि कॅनडियन लोकांचा अभ्यास याच अंगाने केला. जाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यात गैर काहीच नाही, कित्येकांना आपल्या देशात म्हातारपण परवडत नाही म्हणून ते जातात. पण त्याच गल्लीत स्थानिक पगारावर राहणाऱ्याला आता नव्या गिऱ्हाइकाशी स्पर्धा करावी लागते. मेक्सिको सिटीच्या सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरबीएनबी आणि युनेस्को यांच्याबरोबर करार करून दूरस्थ काम करणाऱ्यांना आमंत्रण दिलं. ४ जुलै २०२५ रोजी त्याच शहरातल्या कोंदेसा आणि रोमा या भागांत वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, काही दुकानांच्या काचाही फुटल्या. तारीख अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची होती. भाडी केवळ नोमॅड लोकांमुळे वाढली असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पर्यटकांना दिली जाणारी घरं, बिल्डर, गुंतवणूकदार, घरांचा तुटवडा असे बरेच हात त्यात आहेत. पण शहराची जाहिरात मात्र हे नोमॅडच करत होते, तीही फुकट.

स्थानिक माणसं या फोटोंत असतात, पण कशी? हसणारा फळवाला, देवळातली आजी, स्कूटर दुरुस्त करणारा मुलगा. नाव नसतं, मत नसतं, भाड्याची चिंता तर नसतेच. थायलंडच्या चियांग माईमध्ये साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, हवा इतकी खराब होते की डोंगर दिसेनासा होतो. जमेल तो नोमॅड त्या महिन्यांत बेटांवर निघून जातो. चियांग माईचा धूर त्यामुळे फीडमध्ये फारसा येत नाही. धुराच्या आधीच फीडने गाव सोडलेलं असतं. फळवाला तिथेच असतो.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली तर लोक खरं खरं सांगतात. "परदेशात राहण्याचं कोणी न सांगितलेलं सत्य", "मी बाली का सोडलं" असे व्हिडिओ ढिगाने आहेत. ते येतात, आणि त्यातलं एकटेपण खरंही असतं: दर दोन महिन्यांनी नवी ओळख, तेच तीन प्रश्न, आणि जमलेली मैत्री विमानतळावर सोडून यायची. पण रंगपट दाखवायला सुरुवात केली की तोही रंगमंच होतो. रडतानाचा व्हिडिओ करायला आधी फोन नीट टेकवून ठेवावा लागतो. आणि स्वप्नभंगालाही गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना कळलंय. "सत्य" सांगणाऱ्या व्हिडिओखालीही त्याच विम्याची लिंक असते. असे व्हिडिओ मी जास्त विश्वासाने बघतो, पण वेगळ्या प्रकारे बघत नाही.

मग बघायचं कसं? मी स्वतः काही क्षुल्लक गोष्टी बघतो. हे कोणत्या चलनात बोलताहेत? पगार कुठून येतो हे कधी सांगितलंय का? तिथे राहून किती दिवस झालेत, कारण तिसऱ्या आठवड्यातलं मत आणि तिसऱ्या वर्षातलं मत यांत फार अंतर असतं. त्या देशातला एकही माणूस पूर्ण वाक्य बोलताना ऐकू आलाय का? दवाखान्याचा, बँकेचा, सरकारी कार्यालयाचा उल्लेख कधी येतो? आणि कॅमेरा कोणाच्या हातात आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मजेशीर. निर्जन किनाऱ्यावर एकटीच पाण्याच्या कडेने दूर चालत जाणारी पाठमोरी मुलगी तुम्ही शंभरदा पाहिली असेल. बरोबर कोणी नाही असं ती सांगत असते, तेव्हा फोन वाळूत ट्रायपॉडवर उभा असतो. थोडं पुढे गेल्यावर तिला फोन घ्यायला परत यावं लागतं आणि येण्याचा भाग कापला जातो. व्हिडिओ थांबवून वाळूकडे बघा. पुष्कळदा तिथे आधीच्या टेकची पावलं उमटलेली दिसतात, जातानाची आणि परत येतानाची.